साडेतीन फूट माती

३ मार्च

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांबद्दल मागाहून लोकांना फार शोधाशोध करावी लागते. माझ्या बाबतीत तो त्रास नको.

डोंगराच्या माती-सर्वेक्षणाचे काम आमच्या जोडीला मिळाले. जोडी म्हणजे मी आणि माझा जिवलग. अठरा वर्षे एकत्र खड्डे तपासतो आहोत. मी खड्ड्यात उतरतो, तो काठावर टेप धरतो आणि मी सांगेन ते लिहून घेतो. डोंगर जुन्या लाव्हाचा. सगळे म्हणतात, वीतभर माती, त्यात निम्मे दगड, खाली कातळ. सगळेच म्हणतात म्हणजे कोणीतरी एकाने पाहिले असणार आणि बाकीच्यांनी री ओढली असणार.

साहेब जूनमध्ये निवृत्त होत आहेत. पथकप्रमुखाची जागा रिकामी होईल. मी मागणार नाही. देतील.

संकल्प : पाचला उठणे. चढावर न थांबणे. जिवलगाच्या श्रेयात कधीही वाटा न मागणे.

४ मार्च

सव्वासातला उठलो. घड्याळ खराब असावे. चढावर नऊ वेळा थांबलो, पण निरीक्षणासाठी.

६ मार्च

पाच खड्डे झाले. पाचही नऊ इंचांत आटोपले. वर काळपट माती, तिच्यात मुळे, मग तांबूस खडे, मग कुजका दगड, मग ठणठण. पाणी ओतले की क्षणात गायब. असल्या मातीत करिअर होत नाही.

गुडघा दुखतो.

७ मार्च, दुपारी ३

शोध!! खड्ड्याच्या काठावर बसून लिहितो आहे म्हणून अक्षर असे.

सहाव्या खड्ड्याची जागा मी निवडली. पायवाटेलगत, मोठ्या झाडाच्या सावलीत. कारण शास्त्रीय : सावलीत मातीचा रंग नीट कळतो. (जिवलग म्हणाला, रंग उन्हात पाहतात. अठरा वर्षांत हा मुद्दा त्याने आजच का काढला?)

कुदळ लोण्यात जावी तशी गेली. एक फूट, दोन फूट, साडेतीन फूट माती! चाळणीवर एक खडा राहिला नाही. चिमूटभर दातांखाली घोळवून पाहिली. मऊ, चिकट, हुबेहूब खालच्या शेतातली. म्हणजे डोंगरमाथ्यावर शेताच्या तोडीची माती! थरही नाहीत. वरपासून खालपर्यंत एकजीव. निसर्गाने काहीही लपवलेले नाही.

खोदकामवाले दादा म्हणाले, साहेब, ही भरावाची वाटते. माणूस कष्टाळू आहे, पण वाचन नाही.

८ मार्च

जिवलग सकाळी घरी आला. चहा अर्धाच घेतला. म्हणाला, तिथे पूर्वी आपणच खणलंय, आठवत नाही का? मी म्हटले, नाही. तो म्हणाला, तेव्हाही तुला सावलीच हवी होती. मी हसून घेतले. तो हसला नाही.

हे काय आहे ते माझ्या ध्यानात आले आहे. लिहवत नाही. मत्सर.

बायकोला सगळे सांगितले. म्हणाली, नऊ इंच असो नाहीतर साडेतीन फूट, बूट आधी बाहेर काढा.

११ मार्च

सहकाऱ्याने (जिवलग हा शब्द तूर्त मागे घेतो) खोलीच्या रकान्यापुढे सही करायला नकार दिला. मी त्याचेही नाव शोधात घालणार होतो. दुसरे, पण त्याच आकाराच्या अक्षरात. तो म्हणाला, शेजारी दहा पावलांवर आणखी एक खड्डा घे, मग बोलू. गुडघा दुखत असताना हे सुचवणे म्हणजे माणुसकी संपली.

केसाने गळा कापणे म्हणजे काय ते आज कळले. अठरा वर्षे ज्याच्या हाती टेपचे दुसरे टोक दिले, तोच. जेवण गेले नाही. दोनच पोळ्या खाल्ल्या, मग आग्रहाखातर तिसरी.

१२ मार्च

टेपवाल्याशी बोलणे बंद.

१४ मार्च

आज एकट्याने मोजले. टेपच्या वरच्या टोकावर धोंडा ठेवला आणि खाली उतरलो. धोंडा टेपसह डोक्यावर आला. टेंगूळ. यालाही तोच जबाबदार.

टेपवाला तेव्हा झाडाखाली बसला होता. धावत आला, पाणी दिले. मी घेतले, पण आभार मानले नाहीत. संध्याकाळी मात्र त्याचा मुद्दाम पडलेला चेहरा पाहून बरे वाटले. पुढचा सर्व तपशील त्यानेच लिहून घेतला, कारण मला चक्कर येत होती. बोलणे बंदच होते. आकडे भिंतीकडे बघून सांगितले. (खड्ड्याच्या.)

१९ मार्च

अहवाल तयार. चौतीस पाने. परिशिष्टाशिवाय अहवालाला वजन येत नाही, म्हणून कपाटातल्या जुन्या सर्वेक्षणाच्या अकराही वह्या जोडल्या. कोण वाचतो? मीसुद्धा वाचल्या नाहीत. उचलताना शिपायाच्या तोंडून ‘बापरे’ निघाले. उत्तम शकुन.

टेपवाला दारात उभा होता. त्याने वह्यांकडे पाहिले. म्हणाला, त्या तरी काढून ठेव. म्हणजे आता माझ्या परिशिष्टावरही डोळा!

२७ मार्च

अहवाल तपासणारी समिती दोन एप्रिलला येणार. भाषण पाठ केले. ‘ही माती माझी एकट्याची नाही’ या वाक्याला थांबायचे, म्हणजे टाळ्यांना जागा राहील.

बायको म्हणाली, भावजींचा फोन नाही बऱ्याच दिवसांत, भांडलात का? मी म्हटले, अस्तनीतला निखारा होता. ती म्हणाली, तुमच्या ऑपरेशनच्या वेळी तीन दिवस दवाखान्यात बसला होता तो निखारा. बायकांना तत्त्वाच्या गोष्टी कळत नाहीत.

२ एप्रिल

थोडक्यात लिहितो.

समितीत तिघे होते. दोन पुरुष डोलत होते. मधल्या बाई वाचत होत्या. असे कोणी करते का? भाषणाच्या चौथ्या वाक्याला त्यांनी हात वर केला आणि सातवी वही उघडून मोठ्याने वाचले. खड्डा क्रमांक चौदा. वाटेलगत, झाडाची सावली. माती नऊ इंच. खाली कुजका कातळ पहारीने साडेतीन फुटांपर्यंत फोडला. निघालेले दगड शेजारच्याने कुंपणासाठी मागून नेले, म्हणून खड्डा खालच्या शेतातली माती आणून बुजवला.

तारीख नऊ वर्षांपूर्वीची. अक्षर त्याचे. खाली सही माझी, शेपटी काढलेली.

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाईंनी विचारले, या वेळी ही जागा कोणी निवडली?

दाराशी उभा असलेला तो म्हणाला, मी.

मी तोंड उघडले होते. अगदी उघडले होते. पण बाईंनी पान उलटले, आणि उलटलेल्या पानावर बोलणे बरे दिसत नाही.

३ एप्रिल

घसा बसला आहे. म्हणून ऑफिसात कोणाशी काही बोलता आले नाही. घसा सुटला की साहेबांना सांगणार. संकल्प.

५ एप्रिल

घसा सुटला. साहेब बैठकीत.

८ एप्रिल

साहेब दिवसभर मोकळे होते. आज आपण होऊन बोलणे म्हणजे जुनी जखम उकरणे.

त्याला डोंगरावरून काढून नमुन्यांच्या कोठारात बसवले. तळघर. दिवसभर मातीच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. जुन्या नोंदी जपल्याबद्दल माझ्या परिशिष्टाचे कौतुक झाले. पथकप्रमुखाचा आदेश माझ्या नावाने निघाला. जूनपासून.

घरी सांगितले. बायकोने विचारले, आणि भावजी? मी म्हटले, तोही खूश आहे. तिने माझ्याकडे पाहिले आणि गॅस बंद करायला गेली. गॅस बंदच होता.

१० एप्रिल

दुपारी तळघराच्या जिन्यापर्यंत गेलो. खाली दिवा चालू होता. कागद फाडल्याचा आवाज येत होता. सात पायऱ्या उतरलो. गुडघा दुखला म्हणून परतलो.

गुडघा दुखला नव्हता.

११ एप्रिल, सकाळी ९

सुट्टी. त्याला फोन केला. काय म्हणायचे ते कागदावर लिहून समोर ठेवले होते. तीन ओळी. तिसऱ्या ओळीत माफी होती.

फोन त्यानेच उचलला. मी माझे नाव सांगितले. मग त्याच्याच आवाजात म्हणाला, तो घरी नाही.

मी म्हटले, बरं. आला की सांगा, फोन येऊन गेला. तो म्हणाला, सांगतो. आणि ठेवला.

हा माणूस खोटे बोलत नाही. अठरा वर्षांत माझ्यासमोर दोनदाच बोलला. एकदा समितीपुढे, मला वाचवायला. आणि आज, माझ्याशी बोलावे लागू नये म्हणून.

बायको विचारते आहे, कोणाचा फोन होता. राँग नंबर म्हणून सांगितले.