बुजगावण्याचा निकाल

खामगाव,
२१ जानेवारी १९६४

तीर्थरूप रंगरावमामांच्या चरणी शेषरावाचा दंडवत. मामींचा गुडघा आता दुखायचा थांबला असेल आणि कपाशी सुखरूप घरात आली असेल, असं धरून चालतो. (उलट असेल तर कळवू नका, सध्या वाईट बातमी ऐकायची माझी ताकद नाही.)

मामा, कला म्हणजे काय हे मला गेल्या आठवड्यापर्यंत चांगलं माहीत होतं. मी इथल्या शेती व कला प्रदर्शनाचा चिटणीस. म्हणजे मंडप उभा करायचा आणि पाहुण्यांच्या चहात साखर पडली की नाही ते बघायचं. कलेचे परीक्षक खास मुंबईहून आणले होते. गृहस्थ विद्वान. बोलताना डोळे मिटून घेत, त्यामुळे समोरचे उठून गेले तरी त्यांना पत्ता लागत नसे.

वडनेर भोलजीच्या जनकाबाईनं कला विभागात आणून उभं केलं बुजगावणं. वांग्याच्या मळ्यात असतं तसंच. पण वरच्या मडक्यावर चुन्या-काजळानं तिनं आपल्या वारलेल्या नवऱ्याचा, जानरावचा, चेहरा काढला होता. जरा रागावलेला, आणि रागावल्याबद्दल पस्तावलेला. साहेब त्याच्यापुढं चांगली पंधरा मिनिटं उभे. (डोळे उघडे ठेवून!) मग विचारलं, "याचा उपयोग काय?"

"पाखरं भेतात ना," बाई अभिमानानं म्हणाली, आणि तिथंच घात झाला. साहेब म्हणाले, ज्याचा उपयोग होतो ती कला नव्हे, हे औजार. झालं, दोघा गड्यांनी जानरावला उचलून शेती विभागात फवारणीच्या पंपाशेजारी नेऊन ठेवलं. तिथल्या अधिकाऱ्यानं ज्वारी टाकून परीक्षा घेतली. चार चिमण्या आल्या, दाणे संपवले आणि जानरावच्या डोक्यावर बसून पंख साफ करू लागल्या. शेरा पडला : औजार म्हणून निरुपयोगी. मी आनंदानं बुजगावणं परत कलेत आणलं. म्हटलं, सरकारी शिक्क्यानिशी निरुपयोगी ठरलं, आता तरी घ्या! तर साहेब म्हणतात, हेतू उपयोगाचाच होता. शिवाय कला ती, जी कलावंत करतो. कलावंत कोण? तर कला करतो तो.

जनकाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "मंग साहेब, तुम्ही इतका येळ त्याच्यापुढं काऊन उभे राह्यले?"

साहेब डोळे मिटायचं विसरले. "मला माझे वडील आठवले," म्हणाले.

"अन् मले माहे मालक दिसते. आता अजून काय करा लागते बापा त्यानं?"

साहेबांनी वहीत 'लागू नाही' असं लिहिलं आणि पहिला नंबर अध्यक्षांच्या जावयाला दिला. (कॅलेंडरवर कागद ठेवून गिरवलेला हिमालय. घाईत खालची तारीखही गिरवली गेली आहे.) जनकाबाई जानरावला बैलगाडीत बसवून निघाली, तर अर्धं प्रदर्शन गाडीमागं नाक्यापर्यंत चालत गेलं. मीही गेलो असतो. पण मला जावयाला हार घालायचा होता.

मामींना नमस्कार.

तुमचाच,
कलेतून उठलेला शेषराव

ता. क. : काल साहेबांचं खासगी पत्र आलं. ते बुजगावणं त्यांना स्वतःच्या घरी ठेवायला हवं आहे. आज सकाळीच वडनेरला जाऊन आलो. बाई म्हणाली, "साहेबानंच सांगतलं ना, औजार हाय म्हणून? मंग ते वावरात कामावर हाय. त्याले सवड नाही."

आणखी एक ता. क. : साहेब मुंबईच्या कला समितीवर माणसं नेमतात, आणि माझं नाव त्यांच्या मनात आहे. तेव्हा तुमच्या वावरातलं बुजगावणं मलकापूर स्टेशनवरून तातडीनं रवाना करा. चेहरा मी इथं काढून घेतो. साहेबांच्या वडिलांचा एखादा फोटो मिळतो का, तेवढं पाहून राह्यलो.