वाचून दाखवू का?

सोमवार, ३ तारीख

नोकरी लागली, दोन खोल्या मिळाल्या, शिवाय कंपनीची गाडी. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने याहून आणखी किती वर जायचं, असं बायकोला कळवलं. खोल्या आणि गाडी आधीच्या मेकॅनिकच्या. आयत्या बिळावर नागोबा झालोय खरा. रविवारी बायको आणि लेक चिमी बसने कायमच्या राहायला येतील. चिमीसाठी खिडकीपाशी टेबल लावलंय.

कंपनीत फोनचं भलतं सोवळं. चालवताना आणि कामावर असताना तो गाडीच्या कप्प्यात. मेसेज आला की गाडीच बाईच्या आवाजात विचारते, "वाचून दाखवू का?" सुपरवायझरांना सगळे काका म्हणतात. त्यांनी फोन गाडीला जोडून दिला आणि बजावलं, की तिला वाचू द्यायचं, उत्तर देऊ द्यायचं नाही. कारण विचारलं तर चहा मागवला.

मंगळवार, ४

चिमीचा पुढचा दात पडला. ही बातमी गाडीने रेल्वे फलाटावर येत असल्याच्या सुरात वाचली. मी एकटाच पोट धरून हसलो.

दुपारी गाडीत बसलो, हात ग्रीसने माखलेले आणि बायकोचे एकामागून एक पाच मेसेज. गाडीच्या पडद्यावर प्रश्न आला, तुमच्या वतीने उत्तर देऊ का? कोपराने 'हो' दाबलं. ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकायला काकांचं काय जातं!

बुधवार, ५

फार सोय झाली. 'पोहोचलो', 'जेवलो', सगळं तीच कळवते. गाडीत मी आता मोठ्याने बोलत असतो. घरच्या आठवणी, काहीबाही. तेवढीच सोबत.

गुरुवार, ६

संध्याकाळी फोनवर बायको लाजत होती. म्हणाली, आज किती गोड लिहिलंस, मी झोपेत दात खाते ते ऐकल्याशिवाय तुला झोप लागत नाही म्हणून.

मी तसं लिहिलेलं नाही. बोललो होतो, गाडीत, एकटा असताना. माझ्या फोनमध्ये तो मेसेजही नाही. खाली गाडीत जाऊन उत्तराची परवानगी काढून घेतली. पडदा बंद करून परत लावला तर पुन्हा 'हो'.

शुक्रवार, ७

काकांना सांगितलं. त्यांनी दार लावलं आणि सगळं सांगितलं.

आधीच्या मेकॅनिकनेही 'हो' दाबलं होतं. एक दिवस त्याची बायको आणि मुलगा शाळेच्या फाटकातून या गाडीत बसले. वॉचमनने स्वतः पाहिलं, चालवायला तोच होता. पण त्याच वेळी तो काकांसोबत नवव्या मजल्यावर लिफ्टच्या छतावर उभा होता. दुसऱ्या सकाळी गाडी शेडमध्ये. आत कुणी नाही. मागच्या दोन्ही सीटचे पट्टे लावलेले.

मी ओरडलो, हे आधी का नाही सांगितलं? काका म्हणाले, "सांगितलं असतं तर तू थांबला असतास का? माणूस मिळत नव्हता रे."

माझा फोन गाडीतून काढून टाकला. शेडला कुलूप. किल्ली काकांच्या खिशात. बायकोला फोन करून सांगितलं, मी स्वतः सांगेपर्यंत निघू नकोस. हो म्हणाली. आता शांत झोपेन.

शनिवार, ८. सकाळी सव्वाअकरा

धावत बस स्टँडवर आलो. बसमधून बायकोचा फोन आला होता. म्हणाली, रात्री तूच लिहिलंस ना, सगळं मिटलं, उद्याच या, मी गाडी घेऊन नाक्यावर थांबतो? बस नाक्यापासून वीस मिनिटांवर होती. मी म्हणालो उतरू नकोस, काही झालं तरी उतरू— आणि लाइन गेली.

नाका इथून सहा किलोमीटर. रिक्षावाला चहा प्यायला गेलाय. मेसेज जात नाहीत. चौकशी खिडकीतल्या बाई म्हणतात लिहून द्या, आम्ही ड्रायव्हरला कळवतो. म्हणून या पानावर लिहितोय. पांढरी गाडी, मागची काच तडकलेली. बसू देऊ नका. बाई आणि सात वर्षांची मुलगी, पुढचा दात नाही. मीच दाबलं ते 'हो'. मीच.

अकरा पंचवीस

काकांचा फोन. शेडचं कुलूप जसंच्या तसं. गाडी नाही.

अकरा सत्तावीस

बायकोचा मेसेज आला — 'किती हॉर्न वाजवतोस, उतरलो बाबा. चिमी बसलीसुद्धा.'

पुन्हा लावतोय. वाजतोय. उचल. माझे आई, उचल—

उचलला. इंजिनचा आवाज. मागे चिमी हसतेय. मी ओरडतोय, चिमे, दार उघड, उडी मार, मी बाबा—

हसणं थांबलं. मग गाडीतली ती बाई बोलली, तोच सूर. चिमीचा एक मेसेज आहे म्हणाली. मी नको म्हणायच्या आत वाचला —

"बाबा, तू तर पुढे बसून गाडी चालवतोयस. मग फोनवर कोण आहे?"

चिमे, मी इथे आहे, स्टँडवर, मी खरा, तो जो पुढे बसलाय तो

पट्टा लावल्याचा आवाज. एक. आता दुस—