शाईत लिहिलेले चौदा मीटर

सोग्नदाल, २ सप्टेंबर २००७

ती. तोरलाइफदादास,
शि. सा. न. वि. वि.

तू तेलविहिरीवर सुखरूप पोचलास ना? बाबा मे महिन्यात गेले, हिमनदीच्या मोजणीच्या त्यांच्या वह्या मी आत्ता उघडल्या. बर्गनच्या हिमनदी मंडळाच्या चिटणीस ओसेबाईंना त्या हव्या आहेत. तापमानवाढ माणसामुळेच होते आहे, असं मंडळ पहिल्यांदाच जाहीर करणार आहे. वीस तारखेला मतदान आहे. निवेदनासोबत बाबांच्या एक्केचाळीस वर्षांच्या मोजणीचा तक्ता त्यांच्या नावानं छापायचा आहे.

पण दादा, बर्फावर शाई गोठते म्हणून बाबा पेन्सिलीनंच लिहायचे. २००१ चा आकडा तेवढा शाईत आहे: हिमनदी चौदा मीटर मागे सरली. दर सप्टेंबरात मोजायला जाणारे बाबा त्या वर्षी हिमनदीवर गेलेच नव्हते, इस्पितळात आईपाशी होते. मीही तिथेच होते. आकडा घरी बसून घातलेला आहे. ओसेबाईंना कळवावं म्हणते. तुझं मत कळव. प्रकृतीला जप.

तुझी,
राग्नी

उत्तर समुद्र, ७ सप्टेंबर

चि. राग्नीस,
अ. उ. आ.

मास्तरीणबाई, कळवू नकोस. इथे जेवताना त्या निवेदनाची टिंगल चालते. मीही हसतो, माझं पोट याच तेलावर आहे. उद्या हेच लोक विचारतील, की तुझा म्हातारा स्वयंपाकघरात बसून हिमनदी मोजायचा का. मंडळातले विरोधकही एका आकड्यासाठी बाकीचे चाळीस फेकून देतील. निवेदनाचं काय व्हायचं ते होवो, बाबांच्या नावाचं काय? त्यांना आता खुलासा करता येणार नाही. वही मिटून ठेव. माझं एवढं ऐकच.

तुझा दादा

सोग्नदाल, २२ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न.

तू रागावशील. मी वही घेऊन बर्गनला गेले. ओसेबाईंनी ती ओळ भर सभेत दाखवली. एक प्राध्यापक ताडकन उठले आणि म्हणाले, की असल्या वहीच्या जोरावर जगाला शहाणपण शिकवणार का. ओसेबाईंनी मला विचारलं, की पुढच्या वर्षी, २००२ साली, बाबांनी कुठून मोजलं. मी सांगितलं, की दरवर्षीच्याच लाल खुणेच्या दगडापासून बर्फाच्या कडेपर्यंत, आणि पेन्सिलीनं लिहिलं. म्हणजे दोन वर्षांची बेरीज खरी आहे, कोणत्या वर्षी किती एवढंच कळत नाही.

निवेदन मंजूर झालं. तक्त्यात २००१ ची चौकट मोकळी आहे. खाली बाबांचं नाव आहे. दोन ओळी लिही, रागाच्या असल्या तरी चालतील.

राग्नी

उत्तर समुद्र, १ ऑक्टोबर

चि. राग्नीस,
आशीर्वाद.

तक्ता मिळाला. जेवणाच्या खोलीत लावला. एकानं विचारलंच, की त्या वर्षी तुझा बाप झोपला होता काय. मी म्हणालो, की माझ्या आईचा हात धरून बसला होता.

यंदाची मोजणी राहिली आहे. तिची चौकट मोकळी राहायला नको. बारा तारखेला येतो. टेपचं एक टोक मी धरतो, तू पेन्सिल घे.

दादा