वारा पुरेसा होता

नांगरावरून, ५ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पाण्याच्या बोटीबरोबर मिळालं. नांगर टाकून आज पाचवा दिवस. बंदर समोर दिसतं. संध्याकाळी तिथल्या क्रेनचे दिवे मोजते, एकोणीस आहेत. धक्क्यावर आधीचं जहाज बिघडून अडकलंय. आमची पाळी येईपर्यंत कुणालाही उतरता येत नाही. माझी केबिन सहा पावलांची. भिंतीपलीकडे कप्तानाची, म्हणजे मामाची; त्याचं खोकणंही ऐकू येतं.

तू विचारलंस, ते धुराड्यासारखे खांब चालले का. चालले. डेकवर असे दोन दंडगोल आहेत, मोटरने स्वतःभोवती फिरतात. बाजूने वारा आला की जहाजाला पुढे ओढतात. तेवढा इंजिनाचा जोर कमी करायचा, म्हणजे इंधन वाचतं. ते मोजून अहवाल द्यायला कंपनीने मला पाठवलंय. अपेक्षा दहा टक्क्यांची होती. वाचलं एक टक्का.

कारण मामा. वारा मिळाला तरी तो इंजिनाचे फेरे कमी करत नाही. जहाज जोरात धावतं, सहा दिवस आधी पोचतं आणि रांगेत उभं राहतं. मी तीनदा सांगितलं. तो म्हणाला, फुकट मिळालेला वेळ नाकारणारा कप्तान त्याने पाहिलेला नाही. या जहाजावर मी भाची नसून पाहुणी आहे, असंही म्हणाला आणि स्वतःच्या ताटातलं अंडं माझ्या ताटात ठेवलं.

काळजी नसावी.

तुझी मुलगी


१० मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शिवणाच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून लिहितेय; अक्षर वाकडं आलं तर दोष गिऱ्हाइकाच्या कापडाचा.

मामाचं एक तुला ठाऊक नाही. तो दुय्यम अधिकारी असताना जहाज दोन दिवस उशिरा पोचलं आणि पोटातली सगळी केळी सडली. वरच्यांनी खापर त्याच्यावर फोडलं, पाच वर्षं बढती अडवली. तेव्हापासून हा सगळीकडे आधी. माझ्या लग्नात नवरामुलगा यायच्या आत खुर्चीत बसून पेंगत होता!

आता निवृत्तीआधी त्याला नवं जहाज मिळायचंय. तुझ्या अहवालात त्याचं नाव आलं तर मिळेल का? वारा कमी पडला असं लिही ना गं. वारा काही जाब विचारायला येणार नाही. बाबा गेल्यावर तुला कॉलेजात सोडायला कोण आलं होतं, ते मी सांगायला नको.

जेवत जा. वाळून आलीस तर सगळे कपडे मलाच आत घ्यावे लागतील.

रागावू नकोस.

तुझी आई


नांगरावरून, २१ मार्च

ती. आईस,
सा. न.

वारा पुरेसा होता. दर चार तासांची त्याची नोंद आहे, मामाच्याच सुबक अक्षरात. कमी होता म्हटलं तर दंडगोल या मार्गावर बिनकामाचे ठरून भंगारात जातील आणि आणखी नऊ जहाजांवर बसणार होते, तेही रद्द होतील. तू म्हणालीस तसं एक वाक्य लिहून पाहिलं. सही करता आली नाही.

मग झालं ते लिहिलं. कप्तानाच्या सहीशिवाय अहवाल जात नाही, म्हणून मामाला दिला. त्याने उभ्यानेच वाचला. माझी एक चूक काढली: प्रवासाच्या बाविसाव्या दिवसाचे इंजिनाचे फेरे मी कमी लिहिले होते. दुरुस्तीनंतर आकडा त्याच्यासाठी आणखी वाईट झाला. त्याने तो पुन्हा तपासला आणि सही केली. केळ्यांचा विषय मी काढला नाही.

काल कंपनीचं उत्तर आलं. दंडगोल नऊही जहाजांवर बसणार. नवं जहाज दुसऱ्या कप्तानाला. संदेश मामाच्याच हाती पडला. त्याने तो माझ्या दाराखालून आत सरकवला.

धक्का कधी मिळणार, कुणी सांगत नाही. कप्तानाच्या मेजाशी दोनच खुर्च्या आहेत. माझं ताट केबिनमध्ये पोचवायला त्याने आचाऱ्याला सांगितलं होतं. मी नको म्हटलं. रोज दोन वेळा समोर बसते. तो मीठ पुढे सरकवतो.

त्याला पत्र लिही. त्यात माझी बाजू मांडू नकोस.

आहे तो लोभ राहू दे.

तुझी मुलगी