पलंग हलला तर

लातूर,
१६ जून २०१६

चि. वीरण्णास,
अक्काचे पोटभर आशीर्वाद. नांदेडला सगळे खुशाल असाल. आमच्या भावजयीला, उमाबाईला सांग, तिचं लोणचं पोचलं, पण बाई मिठाला भ्यालेली दिसते.

पत्र कशाला, फोन हाय की, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देतोस व्हय? मी एक म्हणेपर्यंत तू चार सांगतोस. आता गप बसून वाच.

इथं पाण्याची रेल्वे अजून येतीय. क्लासच्या नव्या पोरी आल्यात, आपल्या मेसमध्ये ताट ठेवायला जागा न्हाई. पोळ्या मात्र सध्या शेजारच्या लक्ष्मीबाई करून राहिल्यात. मला वाकताच येत न्हाई.

पाठीचंच. किल्लारीच्या भूकंपात अंगावर तुळई पडली, तवापासून पाठ दुखली की आपण भूकंपाच्याच नावानं बोटं मोडतो. मीबी तेच केलं, लई दिवस. ती तुळई न्हवती रे. हाडाच्या आतल्या मगजाचा कॅन्सर हाय. मायलोमा म्हणतात. दीड वर्ष झालं. हैदराबादला बसवराजच्या पोरीच्या लग्नाला जाते म्हणाले होते ना? तिचं लग्न अजून ठरलंबी न्हाई. मी दवाखान्यात जात होते.

आधीची औषधं आता लागू पडंनात. म्हणून तिथल्या डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं. अँटिबॉडी म्हणतात. दुकानात मिळत न्हाई. गुण येतो का, तेच अजून बघून राहिलेत. मेसमधली मालविका, बारावीची पोरगी, म्हणते, "मावशी, ती रोगाची पेशी ओळखून तिलाच धरते." धरू दे बाई, म्हटलं.

गेल्या आठवड्यात पहिली सलाईन लावली. थोड्या वेळानं अशी हुडहुडी भरली की लोखंडी पलंग खडखडा हलायला लागला. वीरण्णा, मला वाटलं, आला! सुई उपटली अन् ओरडले, "बाहेर पळा, माळवद अंगावर येतंय!" शेजारच्या पलंगावरची म्हातारी बिचारी खरंच पळाली. हसू नकोस. मी तुझ्या नावानं हाका मारत होते.

डॉक्टर म्हणाले, पहिल्यांदा असं होतं, आता हळू लावू. मी न्हाई म्हणून सरळ निघून आले. पुढल्या शुक्रवारी, २४ तारखेला, गेले न्हाई तर चाचणीतून माझं नाव काढतील. मग दुसरं औषध उरत न्हाई.

तुला सांगितलं न्हाई, कारण आईला ढिगाऱ्यातून काढता आलं न्हाई म्हणून तू अजून स्वतःला खातोस. त्यात माझं कुठं ऐकवू? पण मला तूच काढलंस रे वेड्या. माणसं येऊन माती उपसेपर्यंत फटीतून माझा हात धरलास, अन् मी डोळे मिटू नयेत म्हणून शिव्या देत बसलास. सख्ख्या बहिणीला असल्या शिव्या! माती उपसायला आलेले सिद्धरामकाका अजून सांगतात.

मला जगायचंय, वीरण्णा. लई जगायचंय. पण त्या पलंगावर पुन्हा एकटीनं जायची हिंमत न्हाई.

आदल्या दिवशीच लातूरला ये, मिळून हैदराबादला जाऊ. सलाईन चालू झाली की हात धर. पलंग हलला तर शिव्या दे. जुन्या आठवत नसतील तर वाटेत नव्या जुळव.

अजून तुझा हात न सोडलेली,
अक्का