पुलापलीकडचा पत्ता

टोकियो, ३ जून

चि. फुसाए हिस, दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. माझी शाळा सहावीपर्यंतच, चुका पोटात घाल. तुझ्या वॉर्डाच्या वृद्धाश्रमाच्या यादीत तू चार वर्षं लटकली आहेस. आमच्या शेजारच्या कावादाबाई म्हणाल्या, नदीच्या या बाजूला, आपल्या वॉर्डात, नवा आश्रम निघालाय. पण जागा इथल्या रहिवाशांनाच. तू एकटी घरात पडलीस तर कोणाला कळणार, या काळजीनं मला अन्न गोड लागेना. सहीऐवजी चालणारा तुझा शिक्का माझ्याकडे होताच. काल बसनं दोन्ही वॉर्डांच्या कचेऱ्यांत जाऊन तुझं नाव माझ्या पत्त्यावर आणलं. रागावू नकोस. म्हाताऱ्या भावावर माया राहू दे.

तुझा,
इसाकु

२१ जून

ती. दादास, फुसाएचा शि. सा. न. वि. वि.

आई म्हणायची, इसाकु भात शिजायच्या आधीच वाडगा घेऊन बसतो. मंगळवारी इथल्या आश्रमाचं पत्र आलं, की खोली रिकामी झाली, या. मी केस विंचरून गेले. तिथल्या बाई मान खाली घालून म्हणाल्या, आजी, तुम्ही आता आमच्या वॉर्डाच्या नाही. नाव परत आणलं तर यादीच्या शेपटाला लागेल. तुझ्या वॉर्डात विचारलं, तर तिथं आधी वर्षभर राहिलेलं लागतं. तुझे चार मजले मी चढणार कशी? माझा दुपारचा डबाही सोमवारपासून बंद झाला. तो इथल्या वॉर्डाचा होता.

रागावले नाही. रागवायलाही पोटात काही लागतं.

तुझा लोभ आहेच. तो जरा आवरता घे.

फुसाए

४ जुलै

चि. फुसाए हिस, आशीर्वाद.

दोन्ही कचेऱ्यांत टोपी काढून वाकलो. इथला कारकून म्हणाला, आजोबा, नदीच्या मधोमध आमचं राज्य संपतं, मी काय करू? तुझ्या डब्याचा अर्ज मात्र त्यानं घेतला. पण डबा नोंदलेल्या पत्त्यावरच येतो.

काल पहिला डबा माझ्या दाराशी आला. भाजलेला मासा, भोपळा, भात. तुझ्या गल्लीकडे बस नाही. फडक्यात बांधून चालत निघालो. पुलाच्या मध्यावर गुडघे आखडले. कठड्याला टेकून तासभर बसलो; तुझं छप्पर दिसत होतं. उन्हानं मासा नासेल, म्हणून शेवटी मीच खाल्ला आणि परतलो.

आजचाही आत्ताच आला आहे.

लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही.

इसाकु