डेलचा मका

३ एप्रिल, गुरु.
डेल गेले. सासूबाई कॉफी आणायला हॉस्पिटलच्या खाली गेल्या होत्या, तेवढ्यात. कोणाला खोळंबून ठेवायचं नाही, ही आयुष्यभराची सवय.

काल शेवटचं बोलले ते माझ्याशी. मी चमच्याने पाणी पाजत होतो. म्हणाले, "मका पेरला जाईल एवढं बघ." बस. कारिनने विचारलं, पपा काय म्हणाले? सांगितलं. ती हसली. मग बाथरूममध्ये गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मला वाटलं होतं, जाताना काहीतरी... असो. मका तर मका.

५ एप्रिल
चर्चच्या पाद्रीबाई घरी आल्या. प्रार्थनेत डेलबद्दल बोलायचं, म्हणून माहिती हवी. कसे होते? सासूबाई म्हणाल्या, "फ्लाइसिश." कष्टाळू. कारिनने मान हलवली. एका शब्दात माणूस आटोपला.

मी म्हटलं, मी लिहून देतो. जर्मन मी कोणाकडे शिकलो नाही, पुस्तकं आणून स्वतः शिकलो, पण लिहिताना चुकत नाही. पाद्रीबाई म्हणाल्या, एक पानच पुरे.

६ एप्रिल, रवि.
एक पान झालं. जे त्यात बसलं नाही ते इथे.

आयोवाच्या शेतकऱ्याचा मुलगा. इथे जर्मनीत, हेर्त्सोच्या अमेरिकन छावणीत शिपाई म्हणून आले, नाचाच्या कार्यक्रमात हानेलोरे, म्हणजे सासूबाई, भेटल्या, नोकरी संपली तरी परत गेले नाहीत. हीटिंग बसवणाऱ्या कंपनीत पाइपफिटर, रिटायर होईपर्यंत तीच कंपनी. शनिवारी शेजारपाजारचे बॉयलर. ख्रिसमसच्या संध्याकाळी फोन वाजला की सासूबाई न बोलता त्यांचे बूट दाराशी आणून ठेवायच्या. कोणाचं तरी घर गार पडलेलं असायचं.

गावी एकदाच गेले, वडिलांच्या मयतीला. शेत शेजाऱ्याला विकून झालं होतं. येताना मोज्यात घालून बियाणं आणलं, वडिलांच्या मक्याचं. गोड मका, वाळला की दाणे सुरकुततात. तेव्हापासून दरवर्षी इथल्या गार्टनमध्ये, भाड्याने घेतलेल्या बागेच्या तुकड्यात, पेरला. सासूबाईंच्या आई म्हणायच्या, हे तर आम्ही डुकरांना घालतो.

कणीस तोडायचा नियम: आधी चुलीवर पाण्याला उकळी, मगच शेतात जायचं. तोडल्यावर थांबायचं नाही. पण स्वतः मात्र ओळीत उभे राहून कच्चंच खायचे. मिशीला रेशीम चिकटलेलं असायचं.

सासऱ्याला नावाने हाक मारणं माझ्या जिभेला जमेना. मी "अहो" म्हणायचो. त्यांना वाटलं, हा आमच्याकडचा नमस्कार. मग तेही मला "अहो". मी खुलासा केला, तरी त्यांनी सोडलं नाही. कुंपणाच्या दोन बाजूंनी दोन पुरुष एकमेकांना अहो अहो करतायत, शेजारच्या बागेतले बोएमसाहेब बघत बसायचे.

१२ एप्रिल, शनि.
आज दहावा धरला. इथे अजून अस्थिकलशही मिळालेला नाही, तो पुढच्या आठवड्यात थेट दफनभूमीत जाईल, घरी आणायची परवानगी नाही. मग दहावा कशावरून मोजायचा? मी ते गेले त्या दिवसावरून मोजला.

कारिनला सांगितलं, भाताचा पिंड ठेवून येतो. ती म्हणाली, पपा लुथेरन होते. मी म्हटलं, कावळ्याला काय माहीत? ती म्हणाली, जा.

खरं तर हे त्यांच्याइतकंच माझ्यासाठी होतं. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, दहाव्याला मी इथे होतो. चुलतभावाने चिंचवडहून मोबाइल धरला होता, कावळा यायच्या आत नेटवर्क गेलं. "शिवला रे, लगेच शिवला," असं तो नंतर म्हणाला. म्हणणारच.

गार्टनमध्ये मक्याच्या वाफ्याच्या कडेला पिंड ठेवला. मागे सरकलो. आपल्याकडे म्हणतात तसं म्हटलं, काही इच्छा राहिली असेल ती पुरी करू, मका पेरू. मग लक्षात आलं, मराठीतून म्हणतोय. परत इंग्रजीतून म्हटलं.

कावळे होते. पलीकडच्या अक्रोडावर दोन. एकही खाली आला नाही.

१७ एप्रिल
काल कलश पुरला. पाद्रीबाईंनी माझं पान अर्धं कापलं, पण बुटांचं ठेवलं. सासूबाई तेव्हाच रडल्या.

घरी आल्यावर म्हणाल्या, गार्टन परत करणार. गुडघे चालत नाहीत, आणि तिथे जायचं म्हणजे रोज त्यांना शोधायचं. सीझन संपला की फेराइनला, बागवाल्यांच्या मंडळाला, चावी. फेराइनचे अध्यक्ष बोएमसाहेबच, त्यांच्याकडे घेणाऱ्यांची रांग आहे. कारिनला मी विचारलं, आपण घेऊया का? ती म्हणाली, सुहास, तू शनिवारीही कामावर असतोस.

आल्झो, म्हणजे थोडक्यात, हा एकच हंगाम. यंदा बी धरलं तर धरलं.

बियाण्याचं कणीस शेडमध्ये खिळ्याला टांगलेलं आहे. एकच. दरवर्षी सगळ्यात चांगलं एक ठेवायचे, बाकी खाऊन टाकायचे. मी एकदा म्हटलं होतं, दोन ठेवा, माणसाने सुटा भाग नेहमी जास्तीचा ठेवावा. म्हणाले, जास्त ठेवलं की माणूस निष्काळजी होतो.

२३ एप्रिल
कामावर जाताना रोज वाट वाकडी करून गार्टनला जातो. मूठभर भात ठेवतो. कावळे झाडावरून बघतात. त्यांचंही बरोबर आहे. डेलनी इतकी वर्षं त्यांना ढेकळं मारली. नेम अचूक. म्हणायचे, कावळा हा एकच प्राणी, ज्याच्याशी आपलं जमलं नाही.

इच्छा राहिली आहे हे उघड आहे. मका अजून पेरलेला नाही ना.

२ मे, शुक्र.
शिवला!
पावणेसात. मोठा, मानेपाशी करडा. तिरका तिरका चालत आला, भाताभोवती फिरला, चोच घातली. मग दुसरा. मी शेडमागे उभा, श्वास धरून. डोळे भरून आले, खोटं कशाला लिहू. अण्णांच्या वेळचं पण त्यातच कुठेतरी.

कारिनला सांगितलं. तिने माझ्या शर्टावरची शितं झटकली.

१० मे
आता मी फाटकाशी आलो की कावळे अक्रोडावरून उतरतात. पाच-सहा तरी असतात. भात टाकतो. कधी पोळीचा तुकडा. मन शांत होतं, कामावर जायला बरं वाटतं. आमची मीरा एकदा बरोबर आली होती. कावळ्यांकडे बघून जर्मनमध्ये म्हणाली, पपा, ते तुझी वाटच बघतायत. अभिमान वाटला.

बोएमसाहेबांनी कुंपणावरून विचारलं, काय घालताय? सांगितलं, आमच्याकडची रीत. ते "या, या", म्हणजे हो, हो, म्हणाले आणि टोमॅटोंवर जाळी ओढायला लागले.

१७ मे, शनि.
पेरलं. थंडीचे संत, म्हणजे मेमधले शेवटच्या गारठ्याचे दिवस, होऊन गेले, त्यातली शेवटची कोल्ड सोफीही गेली. डेल जर्मन लोकांचं एवढं एकच ऐकायचे, सोफीच्या आधी पेरायचं नाही.

ते बुटाने अंतर घ्यायचे. टाचेला टाच, बुटाच्या टोकाशी दाणा. त्यांचे बूट घालून बघितले, पाय आत फिरतो, अंतर फसतं. मग अॅल्युमिनियमची शिडी जमिनीवर आडवी टाकली. पायऱ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं, जवळपास त्यांच्या बुटाएवढंच. प्रत्येक घरात मधोमध दाणा. शिडी उचलायची, पुढची ओळ. असं काम मला आवडतं. ओळी अशा आल्या की दोरीने आखून कोणी दाखवाव्यात.

चौरसात पेरला, एका लांब ओळीत नाही. मक्याचं परागण वाऱ्यावर होतं, एकमेकांजवळ हवा. कणसावरचे सगळे दाणे वापरले. डेल थोडे मागे ठेवायचे का ते आठवेना. यंदाचा हंगाम शेवटचा, मागे ठेवून कुठे पेरणार?

सासूबाई बाकावर बसून बघत होत्या. जाताना म्हणाल्या, "पास्ट शो." ठीक आहे, चालेल.

या पास्ट शोवर मी एकदा फार दुखावलो होतो. म्हणजे डेलच्या आवृत्तीवर. गार्टनच्या पंपासाठी पितळेचा व्हॉल्व्ह मी स्वतः लेथवर केला होता, कॉलेजचं तोंड न बघता हातात आणलेली कला, आटे असे की बोटाने फिरावेत. हातात फिरवून म्हणाले, नॉट बॅड. मी आठवडाभर फणफणलो. कारिनने समजावलं, याच्या वरचा शब्दच त्यांच्या गावी नाही. इथल्या फ्रांकन लोकांकडेही नाही. म्हणून तर इथे रमले.

२७ मे
उगवला! हिरव्या सुया. सगळ्या ओळी. भात टाकला आणि त्यांना सांगितलं.

२९ मे, सुट्टी.
लिहवत नाही.
सकाळी गेलो तर कावळे वाफ्यात. झाडावर नाही, वाफ्यात. एकेक रोप चोचीत धरून वर खेचायचं, खालचा दाणा खायचा, हिरवं टाकून द्यायचं. ओळीने. माझ्या सरळ ओळींनी. मी फाटकातून आत आलो तरी उडाले नाहीत. उलट माझ्याकडे आले. भात आणलाय का बघायला.

ज्यांना डेलनी इतकी वर्षं बाहेर ठेवलं, त्यांना मी त्यांच्याच नावाने रोज जेवायला बोलावलं. महिनाभर. जागाही दाखवली. वाफ्याच्या कडेला, इथे बसा.

बोएमसाहेब कुंपणापाशी आले. त्यांच्याकडची जाळी दिली. आता काय झाकणार.

३० मे
सासूबाईंना सांगावंच लागलं. गाडीत वाक्यं जुळवत गेलो. स्वयंपाकघरात उभा राहून सांगितलं: भात का, पिंड का, कावळा शिवणं म्हणजे काय, आणि मग काय झालं.

त्यांनी विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे तो कावळा म्हणजे डेल?"

म्हटलं, तसं नेमकं नाही. पण... तसंच.

"मग त्याने त्याचाच मका खाल्ला," त्या म्हणाल्या. "कच्चा. त्याला पाणी उकळेपर्यंत कधी दम निघालाय?"

आणि हसायला लागल्या. एप्रिलपासून पहिल्यांदा. टेबलाला धरून हसल्या, मग हसता हसता ते दुसरंच झालं. मी खांद्यावर हात ठेवला. आमच्याकडे सासूच्या खांद्यावर जावई हात ठेवत नाही. ठेवला.

मी निघालो तेव्हा दाराशी म्हणाल्या, त्याला एकदा परत बघायचं असेल. मका कसा झाला ते. त्यांना सुधारलं नाही. बघायचं होतं ते त्यांनाच, एवढं कळलं.

३१ मे
वाफा साफ करायला गेलो. शेवटच्या ओळीवर शिडी तशीच पडलेली, पेरल्या दिवशी उचलायची राहिली होती. मी, आणि हत्यार बाहेर विसरलो. उचलायला वाकलो तर पायऱ्यांच्या मधे रोपं. शिल्लक. चमकणाऱ्या शिडीला कावळे बुजले असावेत. हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, पण उभी.

वर बोएमसाहेबांची जाळी ताणली. भात बंद.

२२ जून
रोपं गुडघ्यापर्यंत आली, जाळी काढली. कावळे फाटकावर बसतात, ओरडतात. आधी वाईट वाटायचं. आता नजर देत नाही. आपल्याच माणसाला दारातून परत पाठवल्यासारखं होतं, पण.

३ ऑगस्ट
एवढ्या थोड्या झाडांना वारा पुरत नाही. आणि पलीकडच्या शेतात गुरांसाठीचा मका फुलावर आलाय, त्याचे पराग उडून आले तर बी बिघडणार. म्हणून कणसांच्या रेशमावर कागदी पिशव्या बांधल्या. सकाळी दव सुकलं की तुऱ्याचे पराग कागदावर झाडायचे, पिशवी काढायची, रेशमावर टाकायचे, परत बांधायची. सासूबाई पिशवी धरतात. गुडघ्यांसाठी मी बाक ओळीपर्यंत आणून ठेवलाय.

आज म्हणाल्या, डेलनी त्यांना मक्यात कधी हात लावू दिला नाही. मग म्हणाल्या, तो एकटा असायचा इथे, मी घरात एकटी असायचे, आणि आम्ही याला सुखाचा संसार म्हणायचो. होताही. तू लिहिलंस त्यात हे नव्हतं.

नव्हतं. मला माहीतच नव्हतं.

७ सप्टें.
बहुतेक कणसं अर्धी भरलेली, वेडीवाकडी. एकच नीट भरलंय, टोकापर्यंत. ते बियाण्याचं. पण झाडावरच वाळायला हवं, दाणा सुरकुतेपर्यंत. महिना तरी. आणि ऑक्टोबर संपला की चावी.

बोएमसाहेब आज म्हणाले, रांगेतल्या पहिल्याने नाव काढून घेतलंय, दुसऱ्याला अजून विचारलेलं नाही. एवढंच. पुढे माझ्याकडे बघत राहिले. सासूबाई बाकावरून कणसाकडे बघत होत्या. घरी कारिनला अजून सांगितलेलं नाही.

२८ सप्टें., रवि.
कणीस जवळजवळ वाळलंय. आवरण पिवळं, रेशीम काळं. हाताने दाबून बघितलं, दाणे कडक. पिशवी पावसाने फाटली होती, ती काढून टाकली. नवी घरून आणायची राहिली.

फाटकावर तो आला. मानेपाशी करडा, तोच. एकटाच. फाटकावरून कुंपणावर, कुंपणावरून शेडवर. तिथून कणसापर्यंत फक्त एक उडी.

डेलचे बूट घालतो हल्ली, आत दोन मोजे. वाकून ढेकूळ उचललं. हाताला बरोबर बसलं.

तो हलेना. मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिला.

"अहो," मी म्हटलं.

बाकावर बसून लिहितोय, तो अजून शेडवर, ढेकूळ हातातच आहे.